आमेन आणि आमटी

विश्रामबाग या नावात विश्राम आहे आणि बागही आहे. प्रत्यक्षात दोन्ही शोधावी लागतात. सकाळी सहापासून विलिंग्डन आणि वालचंदकडे धावणारी पोरं, दर तिसऱ्या घरावर क्लासची पाटी आणि दोन पाट्यांच्या मध्ये वडापावचा गाडा, असं हे आमचं विश्रामस्थान आहे. सांगलीच्या जुन्या रहिवाशाला विचाराल तर तो सांगेल, विश्रामबाग म्हणजे जवळजवळ मिरजच की ओ. मिरजकर म्हणेल, छे, ती सांगली. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. पण माणसांच्या मनातले जकातनाके अजून उठलेले नाहीत. आम्ही आपले मध्ये.

मध्ये असण्याची आम्हाला तशी पिढीजात सवय आहे, कारण आम्ही मराठी ख्रिस्ती. डॉ. विल्यम वानलेस नावाच्या कॅनडात जन्मलेल्या सर्जननं १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं. आमच्या शेजारच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. नावापुढे एकदा 'वाडी' लागली की माणूस कॅनडाचा असो नाही तर कवठेमहांकाळचा, तो सांगली जिल्ह्याचा होऊन जातो. आमचे आजोबा त्या दवाखान्यात बँडेजं गुंडाळत. तेव्हापासून आम्ही इथले. तरी शेजारच्या काकू पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायला आल्या, तेव्हा स्वयंपाकघरात डोकावून त्यांनी अगदी मायेनं विचारलं होतं, "तुमच्यात सकाळी पावच असतो ना हो?" त्या वेळी आमची आई पाट्यावर लसणाची चटणी वाटत बसली होती. तिनं वर न पाहता उत्तर दिलं, "व्हय, पण आज पाववाला मेला आला न्हाई."

काकूंची आणि आईची मैत्री जमली ती तिथून. पुढे तर आमच्या दोन घरांत मिळून एकच सोऱ्या झाला. दिवाळीत तो काकूंकडे चकल्या पाडतो आणि डिसेंबर उजाडला की नाताळच्या चकल्यांसाठी आमच्याकडे येतो. घटनेत लिहिलेली धर्मनिरपेक्षता मी प्रत्यक्ष पाहिली असेल तर ती या पितळी सोऱ्यात.

फरक म्हणाल तर एकच. काकूंच्या घरी पानं वाढली की माणसं जेवतात. आमच्याकडे पानं वाढली की माणसं डोळे मिटतात.

जेवणाआधीची प्रार्थना ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे. पाहुण्यांना तर गहिवरून येतं. पण जो माणूस दिवसभर ऑफिसात फायली उपसून, बस पकडून, भाजी घेऊन घरी आलाय आणि ज्याच्या नाकाखाली कटाच्या आमटीची वाफ नागमोडी वर चाललीय, त्याला विचारा. डोळे मिटले म्हणून नाक मिटत नाही. आमच्या घरी आईच्या नियमानुसार प्रार्थनेचे वार लावलेले आहेत. सोमवार माझा, मंगळवार हिचा, बुधवार धाकटीचा, गुरुवार थोरल्याचा आणि उरलेले दिवस ज्याच्या अंगात येईल त्याचे.

थोरल्याची प्रार्थना म्हणजे मिरज-पुणे विनाथांबा. इंजिनाची शिट्टी ऐकू येते न येते तोच आमेनचं स्टेशन. त्यात जेवणाचा उल्लेख असतो, असं तो सांगतो. हिची प्रार्थना मात्र जरा लांबची. तीत आजारी माणसं, परीक्षेची पोरं, गावोगावचे नातेवाईक हे सगळं आल्यावर शेवटी एक ओळ हमखास येते, "आणि हे प्रभू, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना सुबुद्धी दे." नाव घेत नाही. परमेश्वर सर्वज्ञ आहे, त्याला पत्ता द्यावा लागत नाही, हे तिला ठाऊक आहे. बायकोला नवऱ्याशी जे बोलायचं असतं ते देवामार्फत कळवण्याची ही सोय पाहून इतर धर्मांतल्या माझ्या मित्रांना माझी कीव येते.

हिच्या उशाशी दोन पुस्तकं असतात, एक पवित्र शास्त्र आणि दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, अभंग आणि ओव्यांतून ख्रिस्त गायला, आणि आज आमच्या चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजन रंगतं त्याचं मोठं श्रेय त्यांना जातं, हे सगळं मी हिला सांगतो. ती म्हणते, "ते खरं. पण घरात पीठ होतं का, ते लक्ष्मीबाईंना विचारा." देवमाणसाच्या बायकोनं लिहिलेलं पुस्तक घरात ठेवू नये. निदान उशाशी तर नकोच.

पण आमटी खरोखरच गार व्हायची ती बुधवारी. धाकटीच्या वारी.

तिच्या उपकारस्तुतीला पद्धत होती. ताटात जे आहे त्याचा माग ती उगमापर्यंत काढायची. भाकरीबद्दल थँक्यू म्हटलं की मग ज्यानं शाळू पेरला त्या शेतकऱ्याबद्दल, त्याच्या बैलांबद्दल (दोन्ही बैल स्वतंत्र), पिठाच्या गिरणीबद्दल, गिरणीतल्या मामांच्या पांढऱ्या भुवयांबद्दल, सिलिंडर खांद्यावरून आणणाऱ्या दादाबद्दल, आणि शेवटी काकूंच्या मांजराबद्दल. या मांजराचा आमच्या जेवणाशी काय संबंध, असं थोरल्यानं एकदा विचारलं. "ते आपल्या दुधात तोंड घालत नाही ना, म्हणून," ती म्हणाली. मी एका डोळ्यानं पाहिलं, तर आमटीवर साय धरली होती.

"आटप की गं," आई तव्यापाशी बसून ओरडायची. "देवाला बी भूक लागती."

आई जतकडची. तिकडं पाणी कमी आणि शाळू उदंड. तिच्या हाताखाली भाकरी थापली जात नसे, ती गरगरा फिरत मोठी होत असे. प्रार्थनेला ती कधी टेबलाशी आली नाही. तव्यावरची भाकरी टाकून डोळे मिटणं तिला पटत नसे. ती तिथूनच 'आमेन' म्हणायची, आणि ते म्हणता म्हणता भाकरी उलटायची, त्यामुळे आमच्या मुलांच्या मनात आमेन आणि टम्म फुगलेली भाकरी यांचं एक नातं बसून गेलं होतं.

ख्रिस्ताच्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाचं जे मागणं आहे, त्यात मराठी शास्त्रात शब्द आहे 'भाकर'. इंग्रजीतला ब्रेड मराठीत उतरताना पाव झाला नाही, पोळी झाली नाही, भाकर झाला. या एका शब्दावर आमची आई आयुष्यभर ख्रिस्ती राहिली असती. तिच्या दृष्टीनं नासरेथ हे जत तालुक्यातच कुठंतरी होतं. पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरले, ही गोष्ट तिला मुळीच अशक्य वाटत नसे. फक्त योहानाच्या शुभवर्तमानात त्या भाकरी जवाच्या होत्या असं म्हटलंय, हे मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती जराशी खट्टू झाली. "जवाच्या व्हय? मग बाराच टोपल्या उरल्या. शाळूच्या असत्या तर वीस उरल्या असत्या."

याच गोष्टीवर एकदा आमच्या घरी वादही झाला. मत्तयानं लिहिलंय की जेवणारे पुरुष पाच हजार होते, बायका-मुलं वेगळी. धाकटीनं विचारलं, "बायकांना मोजलंच नाही?" मी म्हटलं, त्या काळी पद्धत होती तशी. ही शांतपणे म्हणाली, "वाढत असतील त्या. वाढणाऱ्यांना कोण मोजतं?" त्यावर कुठल्याही पाळकसाहेबांकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. मी निमूटपणे लोणचं मागितलं.

आईची आणखी एक रीत होती. पहिली भाकरी ती कुणालाच वाढायची नाही. फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. ती 'येणाऱ्याची'. येणारा कोण, हे ठरलेलं नसे. कधी मीटरवाला, कधी थोरल्याचा मित्र, कधी नुसताच कुणीतरी. कुणी नाही आलं तर रात्री ती स्वतः दुधात कुस्करून खायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये येणारे एकदम अकरा आले.

त्या वर्षीचा पूर सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ४५ फूट ही धोक्याची पातळी. गावभागात राहणारी आमची नातेवाईक मंडळी नेसत्या कपड्यांनिशी, एक पिंजरा, एक पोपट आणि एक न चालणारी शिवणयंत्राची पेटी घेऊन आमच्या दारात आली. विश्रामबाग उंचावर, म्हणून आम्ही कोरडे. रस्ते बंद, दूध नाही, नळाला पाणी नाही आणि घरात पोपटासकट सतरा जीव. त्यात जवळच्या शाळेत पूरग्रस्तांना आणून ठेवलेलं. तिथंही काही द्यायला हवं होतं. आईनं शाळूचं पोतं बघितलं, गुडघे चोळले आणि परात पुढं ओढली. काकू शेजारून त्यांचं पीठ, त्यांचा तवा आणि त्यांची शेगडी घेऊन आल्या. दोघी समोरासमोर बसल्या.

धाकटी तेव्हा सहा वर्षांची. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भाकऱ्यांचा हिशेब ठेवायला घेतला, एका भाकरीला एक रेघ. शंभराच्या पुढं तिला मोजता येत नसे. म्हणून शंभर झाले की ती एक फूल काढायची आणि पुन्हा एकपासून सुरू. पाणी उतरेपर्यंत चार फुलं झाली होती आणि पाचव्याच्या पाकळ्या सुरू होत्या. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कुठल्याकुठल्या गावांतून गाठोडी बांधून भाकऱ्या सांगलीला येत होत्या. कुठल्या बाईनं थापल्यात, कोण खाणार, काही पत्ता नाही. माणसाच्या हातची इतकी भाकरी मी एका वेळी कधी पाहिली नव्हती.

नंतरच्या रविवारी चर्चमधून येताना ही पोर माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून म्हणाली, "पप्पा, त्या मुलाची आजी कुठंय?"

"कुठल्या मुलाची?"

"ज्याच्याकडे पाच भाकरी होत्या त्याची. त्यानं काय स्वतः थापल्या होत्या? सकाळी उठून कुणीतरी चूल पेटवलीच असेल ना."

मी त्या गोष्टीवर पंचवीस-तीस तरी प्रवचनं ऐकली असतील. चूल कुणालाही दिसली नव्हती. विलिंग्डनच्या चौकात हिरवा दिवा लागला तरी मी स्कूटर हलवली नाही, आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या साऱ्या घराण्याची चौकशी केली.

आई २०२२ च्या नोव्हेंबरात गेली. झोपेतच गेली. आदल्या रात्री येणाऱ्याची भाकरी कुणी आलं नाही म्हणून तिनं दुधात कुस्करून खाल्ली होती, एवढं मला आठवतं. दुपारी तिला माती देऊन आलो, तर काकू पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या. मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवू नये, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही आपली रीत. ती कुठल्या धर्माची, ते मला ठाऊक नाही.

पुढच्या बुधवारी पानं वाढली. सगळ्यांनी डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी काही ऐकू येईना, म्हणून मी डोळे उघडले. धाकटी हाताची घडी घालून सरळ समोर बघत बसली होती.

"मी नाही म्हणणार," ती म्हणाली.

"का गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, आजी देवाकडे गेली? मग देवाला भाकरी मिळतेय. आपल्याला नाही. थँक्यू कशाबद्दल म्हणायचं?"

बाप झाल्यावर माणसानं काही उत्तरं तयार ठेवलेली असतात. माझ्याकडेही होती. आजी आता सुखात आहे, तिचे गुडघे दुखत नाहीत, आपण सगळे एक दिवस भेटणार आहोत. यांतलं एकही उत्तर मला खोटं वाटत नाही; आजही नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या समोर हिनं केलेली चपाती होती, आणि त्या चपातीकडे बघून ही उत्तरं घशाशी आली आणि तिथंच बसली. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "ठीक आहे. तुझ्या वारी आपण गप्प बसू. म्हणावंसं वाटेल तेव्हा म्हण."

चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हे कळलं, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलांना अशी मोकळीक देऊ नये, आज प्रार्थना सुटली तर उद्या उपासना सुटेल. सद्गृहस्थ होते, तळमळीनं बोलत होते. पण स्तोत्रांच्या पुस्तकात निम्मी गाऱ्हाणी देवाच्या नावानं केलेली आहेत, आणि ती कुणी काढून टाकली नाहीत. आमच्या पोरीनं तर फक्त तोंड मिटलं होतं. मी त्यांना चहा पाजला.

चार बुधवार असे गेले. कुणी काही म्हणायचं नाही, एक मिनिटभर गप्प बसायचं आणि जेवायला लागायचं. आमच्या घराच्या इतिहासात आमटी पहिल्यांदाच कढत मिळत होती. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते सुख समोर वाफाळत होतं, आणि एकाच्याही घशाखाली ते उतरत नव्हतं. थोरला तर चक्क फुंकर मारत बसायचा, उगाच वेळ काढायला.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. आमच्या संडे स्कूलमध्ये दर रविवारी मुलांनी एक वचन पाठ म्हणायचं असतं. आळशी मुलांमध्ये एक वचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. लाजराच्या कबरेपाशी येशूला रडू आलं, एवढंच सांगणारं, मराठीत अवघं दोन शब्दांचं. मीही लहानपणी तेच म्हणत असे. धाकटीनं तर त्याचा कहर केला होता. ते दोन शब्द धडाधड म्हणून ती खाली बसायची. शेवटी बाईंनी जाहीर केलं की यापुढं हे वचन कुणीही म्हणायचं नाही, त्याला सुट्टी.

नाताळ चार दिवसांवर आला होता. बुधवार होता. आम्ही नेहमीप्रमाणे गप्प बसलो. मिनिट संपत आलं, थोरल्याचा चमचा वाजला, आणि धाकटीच्या बाजूनं अगदी बारीक आवाजात ते दोन शब्द आले. सुट्टीवर गेलेले. एवढे सावकाश तिनं ते कधीच म्हटले नव्हते.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"पुढं?" थोरल्यानं विचारलं.

"पुढं काही नाही. एवढंच. आमेन."

लाजर आता उठणार आहे, हे त्या गोष्टीत येशूला आधीच ठाऊक असतं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न असतो. तरी तो रडतो. ती ओळ मी शाळकरी वयात शंभरदा म्हटली असेल, लवकर खाली बसायला मिळावं म्हणून. ही उठून आमटी गरम करायला आत गेली. आमटी गरमच होती. बराच वेळ ती आतच होती.

शनिवारी धाकटीनं भाकरी शिकायची म्हणून हट्ट धरला. आमच्या हिचा हात चपातीचा. भाकरीच्या बाबतीत तिनं सासूपुढं कधीच शस्त्रं टाकलेली. म्हणून काकूंना बोलावणं गेलं. काकू आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पाणी कढत घे. तुझी आजी चटका बसला तरी हात काढायची नाही." पुढचा तासभर स्वयंपाकघरात पिठाचं धुकं होतं. पहिली भाकरी कडेनं फाटली आणि साधारण जत तालुक्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी एका बाजूनं फुगली, तेव्हा आतून "आमेन!" अशी आरोळी आली आणि मला वाटलं, तवा पडला.

पहिली भाकरी तिनं फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला काका दारात आले. नात आली आहे आणि तिला आत्ताच्या आत्ता चकल्या हव्यात, तर सोऱ्या मोकळा असेल तर द्या, म्हणाले. सोऱ्या धुऊन देईपर्यंत काकांना टेबलाशी बसवलं. धाकटीनं फडकं सोडून जत तालुका त्यांच्या ताटात ठेवला, वर ठेचा आणि कांदा दिला, आणि समोर उभी राहिली. काकांनी एक घास मोडला. चावला. दुसरा मोडला.

"जरा जाड झालीय," ते म्हणाले. मग ताट पुढं सरकवलं. "आणखी एक असली तर वाढ."